तानातच्या खोऱ्यातला हिवाळा

माळशेज
४ जानेवारी, रात्री ९.४०

मागच्या महिन्यात इथे एकाने विचारलं होतं, वेल्सला कधी जावं? सगळ्यांनी एका सुरात मे-जून सांगितलं. मी तेव्हा गप्प राहिले, पण ते डोक्यातून गेलं नाही. पोविस परगण्याच्या उत्तर टोकाला, बेर्विन डोंगररांगेच्या पायथ्याशी तानात नदीचं खोरं आहे. तिथे माझा हा सहावा हिवाळा. माझं मत उलट आहे. उन्हाळ्यात इथे डोंगर आणि धबधबे बघायला मिळतात, ते सुंदर आहेतच. पण इथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जे जपलं आहे ते दिवेलागणीनंतर, थंडीत, चार माणसं एका छपराखाली आली की बाहेर निघतं.

हिवाळा म्हणजे सगळं पांढरंशुभ्र असं मात्र समजू नका. खोऱ्यात बर्फ टिकतो तो वर्षातून मोजके दिवस. बाकी पाऊस, चिखल, धुकं. सकाळी साडेआठच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि चारला मावळतो. आमचं घर डोंगराच्या उत्तर कुशीत आहे, त्यामुळे डिसेंबरात अंगणात ऊन उतरतच नाही, समोरच्या उतारावर पडलेलं बघायचं. त्या उतारावर वाळलेलं नेचं असतं. ते भिजलं की त्याला काताचा रंग चढतो. त्या तांबड्यावर मेंढ्यांचे ठिपके, दगडी बांधांच्या काळ्या रेघा, आणि सगळ्याच्या वर काडाइर बेर्विनचा ८३२ मीटरचा माथा, तेवढाच काय तो पांढरा. बर्फाची कड डोंगरावर सरळ रेघेत थांबलेली असते, भिंतीला अर्ध्यापर्यंत चुना द्यावा तशी.

पण मला लिहायचं आहे ते प्लगाइनबद्दल.

ख्रिसमसच्या पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, कोंबडा आरवायच्या वेळी चर्चमध्ये जमून गायचं, ही मूळ प्रथा. शब्दही लॅटिनमधल्या 'कोंबड्याचं आरवणं' या अर्थाच्या शब्दावरूनच आला आहे. लोक मेणबत्त्या घेऊन काळोखातून चालत यायचे. रात्र जागवायला घरोघरी साखरेची चिक्की करायचे, तिला कवलाइथ म्हणतात. वेल्सच्या बऱ्याच भागांतून ही प्रथा गेली. आमच्या माल्डविन भागात ती कधी तुटली नाही. आता पहाटेऐवजी संध्याकाळी होते आणि डिसेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी अशी फिरत राहते.

परवा आमच्या जवळच्या चर्चमध्ये होती. आत श्वासाची वाफ दिसत होती. छोटी प्रार्थना झाली, पाद्रीबाईंनी सांगितलं की प्लगाइन खुली आहे, आणि त्या जाऊन बसल्या. त्यानंतर कुणी कुणाचं नाव पुकारलं नाही. थोडी शांतता गेली, मग मागच्या बाकावरून तीन माणसं उठली. बाप आणि दोन मुलगे असावेत. हातात हाताने लिहिलेली जुनी वही. पुढे जाऊन एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, एकाने ट्यूनिंग फोर्क कानाशी धरून हलकेच सूर दिला आणि सुरू झाले. पेटी नाही, ऑर्गन नाही, माईक नाही. सातआठ कडवी. संपल्यावर टाळ्या नाहीत. ते जागेवर जाऊन बसले, पुन्हा शांतता, मग दुसरे उठले. सगळ्यांची एक फेरी झाली की त्याच क्रमाने दुसरी. आणि एकदा कुणी म्हटलेलं गीत त्या रात्री दुसऱ्याने म्हणायचं नाही. त्यामुळे प्रत्येक घराण्याकडे गाण्यांचा साठा लागतो, आणि कुठलं गाणं कुणाच्या घरचं हे सगळ्यांना माहीत असतं.

ही आपल्या ओळखीची पाळण्याच्या गोडव्याची गाणी नाहीत. आदमच्या पतनापासून सुरू होऊन गव्हाणीतून थेट क्रूसापर्यंत जातात. शेवटी सगळे पुरुष उठून पुढे येतात आणि कारोल अ स्वपर, म्हणजे जेवणाचं गीत, म्हणतात. मग शेजारच्या खोलीत चहा, सँडविच आणि बारा ब्रीथ. ही मनुकांची ठिपकेदार पावरोटी. 'बारा' म्हणजे पाव, 'ब्रीथ' म्हणजे ठिपकेदार.

माझं गाव जुन्नरकडचं. आजी कार्तिकात काकड्याला उठवून न्यायची. अंगावर तिची घोंगडी, देवळात गार फरशी, आणि चिपळ्या-टाळांच्या आधी एक क्षण जो सन्नाटा असायचा तो. त्या चर्चमध्ये पहिल्या वर्षी बसले तेव्हा मला तोच सन्नाटा ऐकू आला. भाषा एक अक्षर कळत नव्हती. तरी मी तेव्हापासून एकही हिवाळा चुकवलेला नाही.

(वेल्श नावांत जोडून येणाऱ्या दोन 'एल'चा उच्चार मी 'ल्ह' असा लिहिते आहे. जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची. बाकी काही लागत नाही.)

सोनचाफा
४ जानेवारी, रात्री १०.१५

फार सुंदर लिहिलंयस गं. टाळ्या नाहीत, ते वाचून थबकले. आपल्याकडे काकड्यात तरी कोण टाळ्या वाजवतं? ते ऐकवायचं नसतंच, म्हणायचं असतं.

एक विचारू? बाहेरच्या माणसाने जाऊन नुसतं बसलेलं चालतं का? कुणाच्या देवघरात डोकावल्यासारखं वाटतं. आणि आणखी लिही. मेलांगेल्हच्या सशांबद्दल तू एकदा उल्लेख केला होतास.

कार्डिफकर
४ जानेवारी, रात्री ११.०२

उत्तम धागा. दक्षिणेतली भर घालतो.

आमच्याकडे ग्लामॉर्गनच्या बाजूला मारी लुइड असते. घोड्याची खरी कवटी काठीवर बसवतात, जबडा दोरीने उघडझाप करतो, डोळ्यांच्या खोबणीत बाटलीच्या काचा, कानांच्या जागी कापड, रंगीत फिती, आणि धरणाऱ्या माणसावर पांढरी चादर. ख्रिसमस ते नव्या वर्षाच्या दिवसांत ही मिरवणूक दारोदार जाते. दारात उभं राहून बाहेरचे गाण्यातून आत येऊ द्या म्हणतात, आतले गाण्यातूनच नाही म्हणतात. असे सवाल-जवाब चालतात, त्याला पुन्को म्हणतात. ज्याला पुढचं कडवं सुचणार नाही तो हरला. आतले हरले की दार उघडायचं आणि घोडीला खाऊपिऊ घालायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वडिलांबरोबर जत्रेत ऐकलेला कलगी-तुरा आठवला. तीच ईर्षा, तीच हजरजबाबी.

मायस्तेगजवळच्या ल्हानगनविद गावाने ही प्रथा जिवंत ठेवली. चेपस्टोलाही जानेवारीत मोठा मेळा भरतो. दोन्हींपैकी मला ल्हानगनविदची जास्त भावते. तिथे दार खरं असतं, दारामागे खरंच कुणीतरी असतं.

माळशेज
५ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

@कार्डिफकर, कलगी-तुरा अगदी चपखल. आमच्या भागात मारी नाही, त्यामुळे मी ती फक्त सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात पाहिली आहे.

@सोनचाफा, चालतं. आनंदच होतो. मागे बसायचं, फोन खिशात ठेवायचा आणि नंतर चहाला थांबायचं. चहाला न थांबता निघून जाणं इथे खटकतं.

पेनान्त मेलांगेल्ह आमच्यापासून जवळ. ल्हानगनोग गावातून दोनेक मैलांचा एकेरी रस्ता आत जातो आणि डोंगरांच्या कड्यात संपतो. तिथे एक छोटं चर्च आणि भोवती यूचे प्रचंड जुने वृक्ष आहेत, काहींचे बुंधे मधून पोकळ झालेले. आख्यायिका अशी: मेलांगेल्ह ही आयर्लंडहून आलेली तरुणी या निर्जन खोऱ्यात प्रार्थना करत राहायची. पोविसचा राजा ब्रोखवेल शिकारीला आला. कुत्र्यांपुढे पळणारा ससा तिच्या वस्त्राच्या घोळात शिरला आणि कुत्री मागे हटली. राजाने तिला ती जमीन देऊन टाकली, जो कुणी तिथे आसरा मागेल त्याला मिळावा म्हणून. या भागात सशाला 'मेलांगेल्हची कोकरं' म्हणत, आणि लोक त्याला मारत नसत.

आत लाकडी पडद्यावर ही गोष्ट कोरलेली आहे, पंधराव्या शतकातली. तिची समाधी बाराव्या शतकातली. धर्मसुधारणेनंतर ती मोडली, तिचे कोरीव दगड चर्चच्या भिंतींत आणि फाटकात वापरले गेले. विसाव्या शतकात ते दगड शोधून काढून समाधी पुन्हा उभी केली.

तिथे जानेवारीत जा. उन्हाळ्यात गाड्या असतात. जानेवारीत मी गेले तेव्हा आतली वही उघडली, लोक त्यात आणि छोट्या चिठ्ठ्यांवर आजारी माणसांसाठी प्रार्थना लिहून ठेवतात. बाहेर यूच्या खाली जमीन कोरडी होती, बाकी सगळीकडे बारिग, म्हणजे गोठलेलं पांढरं दंव. झाडाने आपल्याखाली एक गोल कोरडी जागा राखली होती. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

मेंढरामागं
६ जानेवारी, सकाळी ६.५०

ताई, मी सांगोल्याकडचा. आमचं घराणं मेंढरामागचं. आता मी नोकरीत हाय, पण चुलते अजून दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा घेऊन निघत्यात. तुम्ही फोटो टाकला व्हता त्यात बर्फात मेंढरं उघडीच दिसली. राखणीला कोण न्हाई. ती रात्री तिथंच ऱ्हात्यात? बर्फ जादा पडून गाडली गेली तर काय करत्यात? आन् आमच्यासारखं जागा बदलत फिरत्यात का?

माळशेज
६ जानेवारी, रात्री ८.२०

दादा, तुमच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. शेजारच्या शेतावरच्या आजोबांना जाऊन विचारलं. तुमचं ऐकून त्यांनीच मला उलट वीस प्रश्न विचारले. वाडा म्हणजे काय, रात्री शेतात मेंढरं बसवली की शेतकरी काय देतो, कुत्री कुठली. ते सगळं मी तुम्हाला वेगळं पाठवते, उत्तरं द्या.

फिरण्याबद्दल: पूर्वी फिरत. प्रत्येक घराच्या दोन जागा असत. खाली खोऱ्यात हेंद्रे, म्हणजे जुनं घर, हिवाळ्याचं. वर डोंगरात हावोद, उन्हाळ्याचं. मेच्या सुरुवातीला गुरं-मेंढ्या घेऊन वर जायचं, नोव्हेंबर लागला की खाली यायचं. ती पद्धत गेली, पण गावांच्या, शेतांच्या नावांत दोन्ही शब्द जागोजागी उरले आहेत. आता फिरतात त्या वर्षाच्या आतल्या माद्या. त्यांचा पहिला हिवाळा डोंगरात निभत नाही, म्हणून ऑक्टोबरात त्यांना खालच्या मऊ मुलखात, समुद्राकाठी, दुसऱ्याच्या कुरणात भाड्याने ठेवतात आणि एप्रिलच्या तोंडावर परत आणतात. ट्रकमधून जातात आता, पण जातात.

मोठ्या मेंढ्या डोंगरावर उघड्याच राहतात. लहान चणीची, राठ लोकरीची जात आहे. आणि इथे एक शब्द आहे, कनेविन. मेंढीची आपली हद्द. वर कुंपण नसतं, तरी प्रत्येक कळप आपल्याच उतारावर राहतो. आई कोकराला तो उतार शिकवते, ते पुढे आपल्या कोकराला. म्हणून शेत विकलं तर कळप शेताबरोबर विकतात, नवा कळप आणून त्या डोंगरावर सोडता येत नाही, तो भलतीकडे निघून जातो. २००१ च्या लाळ-खुरकत साथीत पोविसमध्ये अतोनात जनावरं मारावी लागली. आजोबा म्हणाले, मेंढ्या विकत मिळतात, डोंगराची आठवण असलेल्या मेंढ्या मिळत नाहीत.

गाडल्या गेल्या तर काय, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. "बर्फ पडला की दाखवतो," म्हणाले.

आणखी एक तुम्हाला आवडेल. जुनी माणसं इथे विसांनी मोजतात. वीस म्हणजे इगाइन. चाळीस म्हणजे देइगाइन, दोन विसा. साठ त्रिगाइन, तीन विसा. ऐंशी पेदवार इगाइन, चार विसा. माझी आजी नारळ असेच मोजायची.

मेंढरामागं
७ जानेवारी, सकाळी ६.३०

आमचं चुलतं अजून इसानंच मोजत्यात! त्यांना सांगितलं, खूश झालं. आजोबांना रामराम सांगा.

मर्सीकाठ
७ जानेवारी, दुपारी १.१०

मी लिव्हरपूलला राहतो. बारा वर्षं तुमच्या डोंगरातलं पाणी पितो आहे हे मला गेल्या वर्षी कळलं, एव्हर्नवी तलावावर सहलीला गेलो तेव्हा. जागा इतकी देखणी की धरण आहे हे विसरायला होतं. काठावरचा तो मनोरा तर परीकथेतला वाटतो. तिथला हिवाळा कसा असतो? आणि गाव बुडालं म्हणतात ते कितपत खरं?

माळशेज
७ जानेवारी, रात्री ९.५५

खरं आहे. नीट लिहिते, कारण हे मला या मुलखातलं सगळ्यात अवघड प्रकरण वाटतं.

गावाचं नाव ल्हानवुदिन. १८८१ मध्ये लिव्हरपूल महापालिकेने धरणाचं काम सुरू केलं, १८८८ मध्ये पाणी साठू लागलं. ब्रिटनमधलं हे पहिलं मोठं दगडी धरण. ४४ मीटर उंच. एक चर्च, दोन चॅपल, तीन खानावळी, दहा शेतघरं आणि सदतीस घरं पाण्याखाली गेली. महापालिकेने धरणाच्या खालच्या बाजूला नवं गाव बांधून दिलं, नवं चर्चही दिलं, आणि दफनभूमीतले अवशेष उकरून तिथे हलवले. तो मनोरा म्हणजे पाणी गाळून नळात सोडायची जागा. तिथून सुमारे ११० किलोमीटर नळातून पाणी लिव्हरपूलला जातं.

धरणाची खुबी अशी की जादा पाणी बाजूच्या चरातून न सोडता भिंतीवरूनच खाली येतं. उन्हाळ्यात भिंत कोरडी असते. हिवाळ्याच्या पावसात तलाव भरला की या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा पडदा पडतो, आणि त्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. कडक थंडीत कडेच्या दगडांवर तुषार गोठून काचेचे झुबके लटकतात. मी दर हिवाळ्यात एकदा जाते. उलट कोरड्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं तर जुन्या भिंतींचे पाय दिसतात.

आता दुसरी गोष्ट. डोंगरापलीकडे, बाला गावाजवळ, १९६५ मध्ये याच शहरासाठी दुसरं खोरं बुडवलं, त्रवेरिन. कापेल केलिन गावाची शाळा, चॅपल, टपाल घर, शेतं. गाव सगळं वेल्श बोलणारं. १९५७ मध्ये पार्लमेंटमध्ये कायदा आला तेव्हा वेल्समधल्या छत्तीस खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही. तरी तो झाला. ल्हानऱ्हस्तिदजवळ हमरस्त्याच्या कडेला पडक्या भिंतीवर 'कोव्यूख द्रवेरिन', त्रवेरिन आठवा, असं रंगवलेलं आहे. ती भिंत अनेकदा फोडली, खरवडली गेली, आणि प्रत्येक वेळी लोकांनी पुन्हा उभारून रंगवली. लिव्हरपूल महापालिकेने २००५ मध्ये जाहीर माफी मागितली.

पहिलं गाव गेलं तेव्हा फारसा आवाज झाला नाही. दुसऱ्या वेळी अख्खा देश जागा झाला. त्या जागेपणातून पुढे भाषेची चळवळ वाढली. मला एव्हर्नवीच्या सौंदर्यापुढे उभं राहताना दर वेळी वाटतं की हे सुंदर आहे आणि हे कुणाच्या तरी चुलीवर उभं आहे, आणि यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही.

मर्सीकाठ
८ जानेवारी, सकाळी ८.४०

वाचून अस्वस्थ झालो. तरी एक बाजू मांडतो. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या तळघरांत माणसं दाटीने राहत होती, त्यात उपासमारीतून पळून आलेले आयरिश होते. १८३२ आणि १८४९ च्या कॉलऱ्यात हजारो मेले. त्यांना स्वच्छ पाणी हवं होतं आणि ते डोंगरातूनच येणार होतं. १८८१ चं धरण मला अन्याय म्हणवत नाही. १९५७ चं म्हणवतं, कारण तेव्हा विचारायला माणसं होती, त्यांनी नाही म्हटलं होतं, आणि शहराला तहान कमी, कारखान्यांना पाणी जास्त हवं होतं.

सोनचाफा
८ जानेवारी, सकाळी ११.२०

माझ्या आजोळची माणसं मुळशीची. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट, हे घरात ऐकत मोठी झाले. मुंबईला वीज हवी होती हेही खरंच होतं. आजी म्हणायची, "वीज आली त्याचं दुःख नाही, कुणी विचारलं नाही त्याचं आहे." दोन्ही गोष्टी वाचून तीच आठवली.

माळशेज
८ जानेवारी, रात्री ८.०५

@मर्सीकाठ, पटलं. कॉलऱ्याचा विचार मी पुरेसा केला नव्हता. माझं वरचं वाक्य मागे घेत नाही, पण त्याच्या शेजारी तुमचं ठेवते.
@सोनचाफा, आजीचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

शब्दवेडी
९ जानेवारी, दुपारी ३.३०

धागा उशिरा पाहिला. तानातच्या खोऱ्याबद्दल लिहिता आणि विल्यम मॉर्गनचं नाव नाही?

ल्हानऱ्हायादर-अम-मोख्नांत या खेड्यात तो पाद्री होता आणि तिथे बसून त्याने बायबल वेल्शमध्ये आणलं. १५८८ साली छापून झालं. आपल्याकडे एकनाथ महाराज होते तो काळ. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यापर्यंत कचेरीची भाषा इंग्रजी झाली होती. देवाची भाषा तरी वेल्श राहिली ती या कामामुळे. दर रविवारी प्रत्येक खेड्यात तीच घडीव भाषा कानावर पडत राहिली, म्हणून ती टिकली असं भाषेचे अभ्यासक मानतात. त्या गावातून चारेक मैलांवर पिस्तिल्ह ऱ्हायादर हा ७३ मीटरचा धबधबा. मी फेब्रुवारीत गेले होते. कडेचं पाणी गोठलेलं, मधली धार चालू, आणि अर्ध्यावर खडकाची जी कमान आहे तिच्यातून ती उडी घेते. हिवाळ्यात झाडं निष्पर्ण असल्यामुळे दुरूनच दिसतो.

आणि तुमच्या प्लगाइनच्याच मुलखातली अ‍ॅन ग्रिफिथ्स. १७७६ ते १८०५. डोलवार वाख या शेतावरची बाई, बाळंतपणानंतर एकोणतिसाव्या वर्षी गेली. तिची भक्तिगीतं आज वेल्शमधली सर्वोच्च कविता मानली जातात, पण तिने जवळजवळ काहीच लिहून ठेवलं नाही. घरातली मोलकरीण रूथ हिला ती पाठ होती. तिने ती आपल्या नवऱ्याला सांगितली आणि त्याने उतरवून घेतली. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या मुलाने आणि त्याच्या मावसभावाने टिपल्या नसत्या तर? मला रूथबद्दल फार वाटतं. स्वतःला लिहिता येत नसताना तिने दुसऱ्या बाईचे शब्द डोक्यात सांभाळले.

माळशेज
९ जानेवारी, रात्री ९.१५

डोलवार वाख माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. मी दोनदा त्या फाट्यावरून गेले आणि आत वळले नाही. या रविवारी वळते. तिथल्या ल्हानविहांगेल-अंग-न्ग्विनवाच्या चर्चची प्लगाइन नावाजलेली आहे. म्हणजे रूथने सांभाळलेले शब्द आणि वहीतून उतरलेली ती गाणी एकाच खेड्यात.

कार्डिफकर
१० जानेवारी, सायंकाळी ६.००

येऊ पाहणाऱ्यांसाठी व्यवहाराचं थोडं. श्रूसबरीहून वेल्शपूलपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस अगदी तुरळक, गाडी लागतेच. रस्ते एकेरी, समोरून ट्रॅक्टर आला की मागे जायची तयारी ठेवा. सकाळी रस्त्यावर न दिसणारा बर्फ असतो, दहाच्या आधी निघू नका. चारला अंधार, म्हणून दिवसाला एकच जागा धरा. आणि ज्यांना तेराला वेळ असेल त्यांनी पेम्ब्रोकशरमधलं कुम ग्वाइन खोरं गाठा. १७५२ मध्ये पंचांग बदललं ते त्या खोऱ्याने नव्या वर्षापुरतं मान्य केलं नाही. तिथे अजून १३ जानेवारीला हेन गालान, जुनं नवं वर्ष असतं. मुलं घरोघरी गात फिरतात आणि कलेनिग, म्हणजे खाऊ-पैसे मिळवतात.

माळशेज
१४ जानेवारी, रात्री १०.३०

काल रात्री पडला. संध्याकाळी बारीक, पिठासारखा भुरभुरत होता. आजोबा दारात येऊन म्हणाले, "आयरा मान, आयरा मौर." बारीक बर्फ, मोठा बर्फ. मोठी मोठी पिसं पडली तर थोड्यात थांबतो, बारीक पडला तर रात्रभर. तसंच झालं. सकाळी मिल्टिर केरिगवरून बालाला जाणारा रस्ता बंद, वीज गेलेली, आणि नदीचा सोडला तर कसलाच आवाज नाही. म्हातारी हंसांची पिसं काढते आहे, असं इथे बर्फ पडताना म्हणतात.

मेंढरामागं दादा, हे तुमच्यासाठी.

आठ वाजता आजोबा, त्यांची सून आणि कुत्री वर निघाले. मी मागे. वारा असला की मेंढ्या दगडी बांधाच्या आडोशाला जातात, आणि वाऱ्याने उडालेला बर्फ नेमका तिथेच साचतो. सहा फूट उंच ढीग झाला होता, बांध दिसतच नव्हता. याला ल्हूख म्हणतात. वरून नुसता गुळगुळीत पांढरा. आजोबांच्या हातात लांब सडक काठी. ते ढिगाच्या कडेने हळूहळू चालले आणि एका जागी थांबून मला बोट दाखवलं. बर्फात रुपयाएवढं भोक, कडा पिवळसर. त्यातून वाफ येत होती. खाली मेंढी श्वास घेत होती.

काठी अलगद आत घालायची, मऊ लागलं की थांबायचं आणि हातांनी, फावड्याने उकरायचं. पहिली निघाली ती उभीच होती, अंग झाडलं आणि काही झालंच नाही अशी चालू लागली. तिच्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने भोवती छोटी खोली तयार झालेली. अशा काही दिवस जगतात, भूक लागली की एकमेकींची लोकर खातात. आजोबांच्या वडिलांना १९४७ मध्ये महिनाभर डोंगरावर जाता आलं नव्हतं. त्या वर्षीचं ते एवढंच सांगतात, पुढे बोलत नाहीत.

भोकं दिसत नव्हती तिथे कुत्रीने हुंगून दाखवलं. दुपारपर्यंत सतरा काढल्या. आजोबा मोजत होते, पंधरावर दोन, अशी त्यांची जुनी मोजणी. तीन कमी होत्या, विसाला तीन. चार वाजता उजेड गेला तेव्हा एक आणखी सापडली. उद्या उजाडलं की पुन्हा वर जाणार आहोत.

मेंढरामागं
१५ जानेवारी, सकाळी ५.४०

दोन ऱ्हायल्या. सापडल्या की कळवा.